लाल चालला आहे, असं मी लिहिलं

माझ्या वडिलांची अकोल्याहून जयपूरला बदली झाली तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडील रेल्वेत सिग्नल खात्यात होते. परीक्षेपर्यंत मी मावशीकडे राहिले आणि निकाल हातात घेऊनच जयपूरची गाडी पकडली. माझा मुख्य विषय इंग्रजी. आमच्या कॉलेजात इंग्रजीसुद्धा मराठीतून शिकवत. सर पुस्तकातली एक ओळ मोठ्याने वाचायचे आणि मग अर्धा तास तिचा अर्थ मराठीत सांगत बसायचे. त्या शिकवण्यावर मी बऱ्या मार्कांनी पास झाले. त्यामुळे मला इंग्रजी येतं, हे आमच्या घरात, कॉलनीत आणि माझ्या स्वतःच्याही डोक्यात पक्कं बसलं होतं.

दोन हजारच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. जयपूरच्या सीतापुऱ्यात कापडाचे कितीतरी कारखाने होते, माल परदेशी पाठवणारे. त्यातल्या एका लहानशा कारखान्यात मला नोकरी लागली. टेबलक्लॉथ, नॅपकिन, पलंगपोस असला छापील माल तिथे तयार व्हायचा. मालक पन्नाशीचे, सगळे त्यांना सेठजी म्हणत. त्यांना इंग्रजी आकडे, तारखा आणि 'अर्जंट' हा शब्द वाचता येई. बाकीचं वाचायला त्यांनी मला ठेवलं होतं. माझ्या आधीची मुलगी लग्न होऊन गेली होती आणि मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "मेल पढ़ लोगी?" मी हो म्हटलं.

काम सोपं होतं. सकाळी रेल्वे कॉलनीतून निघायचं, दोन मिनीबस बदलून दहापर्यंत पोचायचं, कम्प्युटर उघडून आलेले मेल छापायचे आणि त्याच कागदाच्या मागे निळ्या पेनाने त्याचा हिंदी मजकूर लिहून सेठजींच्या टेबलावर ठेवायचा. उत्तर ते हिंदीत सांगत, मी इंग्रजीत करत असे. एखादा शब्द अडला तर मागचा-पुढचा शब्द पाहून मी अंदाज बांधायची. अंदाज बरोबर निघायचे. डिक्शनरी घरी होती, वडिलांच्या कपाटात. ती ऑफिसात नेली तर लोकांना काय वाटेल, म्हणून मी ती कधी नेली नाही.

कारखान्यात रंगाचं सगळं काम एका माणसाकडे होतं. साठीच्या आसपासचे, जवळच्याच सांगानेरचे राहणारे, पिढीजात छपाईवाले. त्यांना मास्टरजी म्हणत. रंग कालवणं, छापून झालेलं कापड वाफेवर धरणं, धुऊन घेणं, उन्हात टाकणं, सगळं त्यांच्या नजरेखाली व्हायचं. त्यांचे हात मनगटापर्यंत कायम रंगलेले असत. धुतलेलं कापड वाळलं की अंगठा जिभेला लावून ते तो कापडावर घासत आणि मग अंगठ्याकडे बघत. एवढीच त्यांची परीक्षा.

दुपारी चहाच्या वेळी ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहायचे. आत येत नसत, पायाला रंग असायचा म्हणून. आमचं बोलणं हिंदीतच व्हायचं, इथे मी बरंचसं मराठीत लिहिते आहे. रोजचा प्रश्न ठरलेला, "आज गोरा काय म्हणतोय?" मग मी मेल वाचून दाखवायची. त्यांनी आपल्या हाताने छापलेलं कापड ज्या घरांत अंथरलं जाणार होतं त्या घरांबद्दल त्यांना कुतूहल होतं. तिकडे लोक जेवताना खरंच टेबलावर कापड घालतात का, मग ते रोज धुतात का, असं विचारायचे. मला तेव्हा एकवीस वर्षं पूर्ण व्हायची होती आणि एवढा जाणता माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो, याचं मला फार अप्रूप होतं.

त्या वर्षी सेठजींनी एक नवा लाल रंग आणला. स्वस्त होता आणि लवकर वाळायचा. मास्टरजींना तो पसंत नव्हता. "याचा भरवसा येत नाही मला," असं ते माझ्यापाशी दोनदा म्हणाले. सेठजींनी म्हटलं, आधी थोडा माल पाठवून बघू. थोडा माल गेला. निळा आणि लाल, दोन्ही. महिनाभराने तिकडून मेल आला.

मेल चार ओळींचा होता. ग्राहकही इंग्रज नव्हता, त्याचंही इंग्रजी आटोपशीर होतं. माल मिळाला, धन्यवाद. निळा फार सुंदर आहे. मग तीन शब्दांचं एक वाक्य: 'द रेड रन्स.' आणि शेवटी, मोठी ऑर्डर करण्याआधी याकडे लक्ष द्यावं.

'रन' हे क्रियापद मला पाचवीपासून माहीत होतं. रन, रॅन, रन. रन म्हणजे धावणे. आमच्या वर्गात सगळ्यांनी ते एका सुरात पाठ केलं होतं. पण मी कॉलेजात शिकलेली होते. रन म्हणजे फक्त धावणे नव्हे, हे मला कळत होतं. बस रन होते म्हणजे चालते. दुकान रन करतात म्हणजे चालवतात. नाटकाचा रन असतो म्हणजे ते चाललेलं असतं. आपण जिथे चालतो तिथे इंग्रज धावतो, असं आमचे सर गमतीने म्हणायचे. तर लाल धावतो असं कोण लिहील? लाल चालतो आहे. म्हणजे खपतो आहे. मी पेन उचललं आणि कागदामागे लिहिलं, 'नीला बहुत सुंदर है। लाल चल रहा है। बड़े ऑर्डर में इसका ध्यान रखें।' वाक्याला वाक्य चपखल बसलं. मला एका क्षणाचीही शंका आली नाही. ते लिहिताना, धावणे न लिहिता चालणे लिहिलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःवर खूश झाले होते, हेही मला आठवतं.

सेठजींनी वाचलं आणि खाली निरोप पाठवला, पुढचं सगळं त्याच लालमध्ये होईल.

त्या दिवशी चहाच्या वेळेआधीच मास्टरजी दारात आले. हातात ओलं फडकं होतं.

"बेटी, लालबद्दल त्यांनी नक्की काय लिहिलंय?"

"लाल चल रहा है."

"चल रहा है?"

"हो. म्हणजे पसंत पडलाय. विकला जातोय."

ते मग फडक्याने हात पुसत म्हणाले, "चला. बरं झालं." आणि खाली गेले.

मोठी ऑर्डर दोन महिने चालली. कारखान्याच्या गच्चीवर त्या दिवसांत सगळीकडे लालच लाल वाळत असे. माल गेला. दिवाळी झाली. आणि एका सकाळी कुरियरने एक पाकीट आलं. पाकिटात आमचाच एक टेबलक्लॉथ होता, एकदा धुतलेला. मधली फुलं फिकट पडली होती आणि पांढरी किनार सगळी गुलाबी झाली होती. सोबत पत्र होतं, लांबलचक आणि रागाचं. सगळा माल परत घ्या असं त्यात होतं. दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला लिहिलं होतं, आम्ही तुम्हाला आधीच कळवलं होतं की 'द रेड रन्स'.

तेच तीन शब्द. समोर गुलाबी झालेली किनार आणि हातात ते शब्द. अर्थ समजायला मला त्या वेळी डिक्शनरी लागली नाही.

सेठजी समोर बसले होते. म्हणाले, "पढ़ो." मी पत्र हिंदीत वाचत गेले. ते वाक्य आलं तेव्हा मी ते गाळलं. थांबले नाही, अडखळले नाही, सरळ पुढच्या वाक्यावर गेले. मूळ कागद माझ्या हातात होता आणि त्या खोलीत तो वाचू शकणारी मी एकटी होते.

घरी आल्यावर कपाटातून डिक्शनरी काढली. 'रन' हा शब्द दीड पान भरून होता. नदी वाहते ते रन, नाक वाहतं ते रन, निवडणुकीला उभं राहणं ते रन, घर चालवणं, ताप चढणं, मीठ संपणं, गाडीखाली माणूस येणं, सगळं त्या एकाच क्रियापदाच्या पोटात. मी बोट ठेवून एकेक ओळ खाली उतरत गेले. पानाच्या तळाशी ती ओळ सापडली. रंगाबद्दल: ओलाव्याने पसरणे, सुटणे. आपण मराठीत रंग जातो म्हणतो, रंग फुटतो म्हणतो. आईने माझे किती फ्रॉक त्यासाठी वेगळे भिजवले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेठजींनी सगळ्या कारागिरांना छपाईच्या लांब टेबलांपाशी बोलावलं. तो टेबलक्लॉथ हातात उंच धरला. मास्टरजी पुढे उभे होते. सेठजी ओरडले नाहीत. ते म्हणाले, "तीस साल का काम, और हाथ कच्चा." पुढे म्हणाले, उद्यापासून यायची गरज नाही. मास्टरजींनी तो कपडा मागून घेतला, किनार उजेडात धरून पाहिली, घडी केली आणि परत दिला. त्यांनी काही बाजू मांडली नाही. मी जिन्यात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण पाहण्यासारखं काही आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे गोऱ्याने लालची स्तुती केली होती.

त्यानंतर मी नऊ दिवस कामावर जात राहिले. चहाच्या वेळी दार रिकामं असायचं. खाली सगळे पूर्वीसारखंच काम करत, फक्त बोलणं कमी झालं होतं. मी मनाशी कारणं जुळवत होते. रंग सेठजींनी आणला, मी नाही. ग्राहकाने नीट सविस्तर का लिहिलं नाही? मास्टरजींना तर आधीपासूनच शंका होती. प्रत्येक कारण खरं होतं आणि एकाही कारणाने रात्रीचं जेवण घशाखाली उतरत नव्हतं.

आमच्या घरी रविवारी सकाळी वडील बुद्धवंदना घ्यायचे. आम्ही सगळे मागे बसून म्हणायचो. त्या रविवारी चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बंद पडला. वडिलांनी वळून पाहिलं नाही, पूर्ण वंदना संपवली. मग आई म्हणाली, "काय झालं वं? आठ दिवस झाले, नीट जेवून नाही राह्यली तू."

मी सगळं सांगितलं. मेल, चालतोय, परत आलेलं कापड, गाळलेलं वाक्य. आई मध्ये मध्ये कपाळाला हात लावत होती. वडील ऐकत होते.

"किती दिस झाले?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"नऊ दिस तो माणूस घरी बसला हाये?"

मी मान हलवली.

"चूक झाली तवा तुले माहीत नव्हतं," ते म्हणाले. "त्याचं मी काही म्हणत नाही. पण माहीत झाल्यावरचे हे नऊ दिस तुये हायेत."

मी म्हटलं, सेठजी मला काढून टाकतील. वडील म्हणाले, "मंग काढतीन." आणि उठून ड्यूटीचे कपडे घालायला गेले.

सोमवारी मी आधी सेठजींकडे गेले. दोन्ही कागद टेबलावर ठेवले, तीन शब्दांवर बोट ठेवून अर्थ सांगितला. सेठजींनी चष्मा काढला. बराच वेळ ते त्या ओळीकडे बघत राहिले, जणू आता तरी ती त्यांना वाचता येईल.

"हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"घरी."

"ठीक. आता विसरून जा. झालं ते झालं."

"पण मास्टरजींना..."

"त्याला परत बोलावू? मग बाकीच्यांना काय सांगू? मी चुकलो म्हणून?" त्यांनी चष्मा परत लावला. "रंग मी आणला होता. तेही सांगणार आहेस का?"

मी दोन्ही कागद परत उचलले. ते म्हणाले, "जाओ, काम करो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं, त्यांना भीती वाटली होती. एवढा माल अंगावर आलेला माणूस होता तो.

दुपारी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन मी सांगानेरला उतरले. मास्टरजींचं घर विचारत विचारत सापडलं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी कारखान्यातून आले म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला, पण तिने आत घेतलं. मास्टरजी अंगणात पाटावर बसून जुने लाकडी छापे ब्रशने साफ करत होते. मला पाहून उठले, खाट सरकवून दिली.

मी बसले नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरले होते. मी एवढंच म्हणाले की त्या मेलमध्ये लाल चालतोय असं नव्हतं, लाल सुटतोय असं होतं, मी चुकीचं वाचलं, आणि नंतर समजल्यावर लपवलं.

बायको चुलीशी होती. ती तिथूनच म्हणाली, "आता सांगून काय होणार? दहा दिवस झाले, हा माणूस घरातला प्रत्येक कपडा ओल्या अंगठ्याने घासून बघतोय. पडदे घासले, माझी ओढणी घासली. म्हणतो, हात खरंच गेला का माझा."

मास्टरजींनी तिला हाताने थांबवलं. मला म्हणाले, "तो शब्द लिहून दाखव."

माझ्या पर्समधल्या बसच्या तिकिटामागे मी तो इंग्रजीत लिहिला. त्यांनी तिकीट हातात घेतलं.

"तीनच अक्षरं?"

"हो."

"आणि याचा शाळेतला अर्थ काय? मुलांना शिकवतात तो?"

"दौड़ना."

ते तिकिटाकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "दौड़ना. मग तसंच लिहायचं होतंस, बेटी. लाल दौड़ रहा है. मी समजलो असतो. रंग दौडतोच. पाणी लागलं की पळतो. आमच्यात तर पोरंसुद्धा समजली असती."

मी तोवर रडले नव्हते. तेव्हा मात्र खाटेवर बसले आणि रडले. पाचवीतल्या मुलीने बरोबर सांगितलं असतं. मी जास्त शिकले होते म्हणून चुकले होते.

त्यांनी मला रडू दिलं. समजूत घालायला आले नाहीत. नंतर म्हणाले, "एक माझंही ऐक. त्या दिवशी तुझ्याकडे आलो ना, तेव्हा अंगठा माझा लाल झालेला होता. फडक्याने पुसत होतो. हात सांगत होता, कागद वेगळं सांगत होता. मी कागदाचं ऐकलं. कारण ते ऐकायला बरं वाटलं." बायको काहीतरी बोलणार होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती चुलीकडे वळली.

मी विचारलं, मी काय करू?

"नोकरी मला परत नको," ते म्हणाले. "आता तिथे माझं मन लागणार नाही. पण सगळ्यांच्या समोर माझ्या हाताला कच्चा म्हणाले. ती पोरं माझ्या हाताखाली शिकलीत. हे तू मला इथे येऊन सांगितलंस, ते तिथे जाऊन सांग. त्याच टेबलांपाशी."

निघताना बायकोने मला पाणी विचारलं नाही. मास्टरजी गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि बस कुठे थांबते ते दाखवलं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेले. पंधरा-सोळा कारागीर त्याच टेबलांपाशी डबे उघडून बसले होते. मी दोन्ही कागद हातात धरले होते, ते कोणाला वाचता येणार नव्हते तरीही. मला सभेत बोलायची सवय नव्हती. मी म्हटलं, "मला तुम्हाला मास्टरजींबद्दल सांगायचं आहे," आणि डब्यांचा आवाज थांबला. सगळं सांगितलं, क्रमाने. पहिल्या मालाच्या वेळीच ग्राहकाने रंग सुटतो असं कळवलं होतं. ते मला कळलं नाही. कळलं असतं तर मास्टरजींनी तो रंग तिथेच थांबवला असता. मी वाक्य गाळलं, तेही सांगितलं. रंग कोणी आणला ते मी बोलले नाही. ते सगळ्यांना माहीत होतं.

एका वयस्क कारागिराने विचारलं, "मॅडम, मग तुम्हाला चालणे हा अर्थ कोणी सांगितला?"

"कोणी नाही. मीच काढला."

तो म्हणाला, "अच्छा." मग डब्यातली पोळी मोडत म्हणाला, "मास्टरजींना सांगितलंत?"

"काल."

"मग ठीक आहे."

एवढंच. कोणी मला रागावलं नाही, कोणी शाबासकी दिली नाही. वर वळले तेव्हा सेठजी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं ते मला समजलं नाही. त्यांनी मला वाट दिली. त्या दिवसापासून मेल दिल्लीच्या एजंटाकडे वाचायला जाऊ लागले आणि मला पॅकिंगच्या याद्या लिहायचं काम मिळालं. त्यांनी मला काढलं नाही. मार्चपर्यंत राहून मीच नोकरी सोडली.

मास्टरजी कारखान्यात परतले नाहीत. सेठजींनी एक माणूस बोलवायला पाठवला होता, असं मला नंतर कळलं. त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. सांगानेरमध्येच एका ओळखीच्या छपाईवाल्याकडे ते बसू लागले. पगार कमी होता. बायकोला दोन घरी स्वयंपाकाला जावं लागलं. हे मला त्या वयस्क कारागिराने सांगितलं. त्याच्याकडून मी अधूनमधून विचारपूस करत असे. स्वतः जायचा मला धीर होत नव्हता. कबुली दिली की मन हलकं होतं असं म्हणतात. माझं थोडं झालंही, पण ती बाई दुसऱ्यांच्या चुलीपुढे उभी राहायची ते राहिलीच.

पुढे मी प्रताप नगरमध्ये एका शिकवणीच्या वर्गात इंग्रजी शिकवू लागले. हाउसिंग बोर्डाच्या दोन खोल्यांत चाळीस मुलं बसायची. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात जाडजूड डिक्शनरी घेऊन गेले. वर्गचालक म्हणाले, मॅडम, मुलांसमोर पुस्तक उघडलं तर त्यांचा विश्वास उडतो. मी ते उघडत राहिले. एखादा मुलगा शब्द विचारायचा, मी म्हणायची, थांब, बघते. काही मुलं हसायची. एका मुलीच्या वडिलांनी तिला दुसऱ्या वर्गात घातलं. बाकीची राहिली.

मास्टरजींच्या मुलीच्या लग्नाचं कार्ड आमच्या क्वार्टरवर आलं तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती. पत्ता त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. आई-वडील आणि मी, तिघंही गेलो. मंडपात कोणीतरी त्यांना विचारलं, या कोण? ते म्हणाले, "आमच्या कारखान्यातल्या मॅडम. पत्रं वाचायच्या." पुढे काही जोडलं नाही. जेवणं झाल्यावर वडील आणि ते दोन खुर्च्या ओढून बसले. वडिलांचं हिंदी अकोल्याचं, त्यांचं सांगानेरचं, पण गुडघेदुखीवर दोघांचं तासभर बोलणं झालं. आईने वधूच्या हातात पाकीट ठेवलं. मी मास्टरजींच्या बायकोला नमस्कार केला. तिने तो घेतला आणि मला जेवलीस का विचारलं.

वडील निवृत्त झाले आणि आम्ही अकोल्याला परत आलो. जयपूरचा संपर्क त्या कारागिराच्या फोनपुरता उरला. मास्टरजी गेल्याचं त्यानेच कळवलं. दोन दिवस आजारी होते, फार त्रास झाला नाही म्हणाला. त्याच्याकडून घरचा नंबर घेऊन मी फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. मी कोण ते सांगावं लागलं, पण लगेच ओळख पटली. तीच बोलत होती. शेवटचं जेवण काय केलं होतं, मुलगी कधी पोचली, जावई किती धावपळ करत होता.

मग तिने विचारलं, "तुम्ही आता काय करता?"

"शिकवते."

"काय शिकवता?"

"इंग्रजी."

पलीकडे, मागे कोणाच्या तरी भांड्यांचा आवाज येत होता.

"अच्छा है," ती म्हणाली. "ठीक से पढ़ाना."